‘आजीला बरं नाही’



दुपारचे अडीच वाजले आहेत. जेवण, औषधे, मागची आवराआवर उरकून आपण नुकतेच आडवे झाला आहात. डोळा लागतो न लागतो तोच दारावरची घंटा वाजते. दार उघडावे तर शेजारपाजारची तीन-चार मुले उभी. “आजी, आमचा बॉल तुमच्या गॅलरीत आलाय.” बॉल दिला, की पाच मिनिटांनी, “आजी, पाणी.” मग, “आजी, चॉकलेट आहे?” आणि त्यानंतर, “आजोबा, मोबाइलवर गेम लावून द्या ना.” अखेर आपल्या तोंडून सहज निघून जाते, “चॉकलेटं संपली रे”, “मोबाइलचं चार्जिंग गेलंय”, नाहीतर, “आजीला बरं नाही, जा आता.” मुले जातात, दार लागते. आपण खोटे बोललो असे आपल्या मनातही येत नाही.

या पंधरवड्यात या लहानशा खोट्याविषयी लिहितो आहे. आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय कशाला, असे आपल्याला वाटेल. एका श्रावणी सोमवारपर्यंत मलाही तसेच वाटत होते.

माझ्या एक जुन्या रुग्ण कराडशेजारी मलकापुरातील एका इमारतीत एकट्या राहतात. निवृत्त शिक्षिका, आम्ही सारे त्यांना ‘बाई’च म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह जुना, मुलगा-सून पुण्यात. (ही हकीकत त्यांच्या अनुमतीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून सांगतो.) बाईंना मुलांची आवड. फ्रिजमध्ये चॉकलेटचा डबा कायम भरलेला. त्यामुळे इमारतीतील तिसरी-चौथीतील मुलांचा त्यांच्या दाराशी राबता. सुरुवातीला हे सुखाचे होते. पुढे दुपारची घंटा दोनदा, तीनदा, पाचदा वाजू लागली. बाई थकल्या. मुलांना रागावणे त्यांच्या स्वभावात नव्हते. म्हणून त्यांनी एक सोपा उपाय काढला. घंटा वाजली की त्या आतूनच म्हणत, “बाळा, आजीला बरं नाही आज.” मुले निमूट परत जात.

त्या सोमवारी शाळा अर्ध्या दिवसाने सुटली होती. बाईंचा उपवास होता. मधुमेहाची सकाळची गोळी मात्र त्यांनी नेहमीप्रमाणे घेतली होती. उपवास संध्याकाळीच सोडायचा, म्हणून पोटात काही नाही. दुपारी दोनच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. पलंगाच्या कडेला हात टेकत त्या जमिनीवर बसल्या. तेवढ्यात घंटा वाजली. बाईंना हायसे वाटले. होते नव्हते ते बळ एकवटून त्यांनी हाक दिली, “अरे, मला बरं नाही रे. खालच्या काकूंना बोलाव.” बाहेरून एक आवाज आला, “चला रे, आजी नेहमीच असं म्हणतात.” आणि पावले जिना उतरून गेली.

सुमारे दीड तासाने भांडी घासणाऱ्या मावशी आल्या. त्यांच्याकडे घराची दुसरी किल्ली होती. बाई शुद्धीवर होत्या, गिळू शकत होत्या. मावशींनी साखरेचे पाणी पाजले आणि मला फोन केला. मी पोहोचलो तेव्हा, साखर पाजल्यानंतरही, रक्तातील साखर अठ्ठावन्न होती. या वर्गातील गोळ्यांचा परिणाम बराच काळ टिकतो. एकदा वर आलेली साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून त्यांना रात्रभर रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे लागले. सुदैवाने त्या पूर्ण बऱ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी बाई मला म्हणाल्या, “डॉक्टर, मुलांचं काही चुकलं नाही. ‘बरं नाही’ म्हणजे ‘जा’, हा अर्थ मीच त्यांना शिकवला होता.” त्या संध्याकाळी त्या मुलांपैकी एक जण आईबरोबर त्यांना भेटायला आला. रडवेला झाला होता. त्याने विचारले, “आजी, मग आम्हाला कळणार कसं, खरं कुठलं ते?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे औषध नव्हते. तेव्हापासून मी या विषयाचा विचार करतो आहे.

प्रथम हे पाहू, की मुले पुन्हा पुन्हा का येतात. त्यात खोडसाळपणा कमी आणि चिकित्सा अधिक असते. आपण दिलेली बहुतेक कारणे तात्पुरती असतात. चॉकलेटे संपली, म्हणजे ती पुन्हा येणार. चार्जिंग गेले, म्हणजे ते पुन्हा होणार. बरे नाही, म्हणजे थोड्या वेळाने बरे वाटणार. मूल अर्ध्या तासाने येऊन विचारते, “आता आहे का?” आपण ज्याला हट्ट म्हणतो, ती पुष्कळदा आपणच दिलेल्या कारणाची तपासणी असते. त्यात सहाव्या घंटेला कंटाळून आपण एक चॉकलेट काढून दिले, की मुलाला दोन गोष्टी एकदम कळतात. एक, आधीचे कारण खोटे होते. दुसरी, सहा वेळा घंटा वाजवली की काम होते. उद्या ते सहा वेळा घंटा वाजवणारच.

मुलांच्या वागण्यावर मोठ्यांच्या खोट्याचा काय परिणाम होतो, यावर शास्त्रीय प्रयोग झाले आहेत. अमेरिकेत सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात चेल्सी हेज आणि लेस्ली कार्व्हर यांनी तीन ते सात वर्षे वयाच्या 186 मुलांबरोबर एक प्रयोग केला. तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना प्रयोगकर्तीने सांगितले, की शेजारच्या खोलीत गोळ्या-चॉकलेटांचे मोठे भांडे भरून ठेवले आहे. मग लगेच कबूल केले, की तसे काही नाही, तुम्हाला खेळायला बोलवायचे म्हणून बोलले. बाकीच्या मुलांना असे काही सांगितले नाही. पुढे एका खेळात ‘मागे वळून पाहू नकोस’ असे बजावून ती खोलीबाहेर गेली. पाच ते सात वर्षांच्या मुलांपैकी ज्यांच्याशी खोटे बोलले गेले नव्हते, त्यांतील सुमारे 60 टक्के मुलांनी वळून पाहिले, आणि पाहणाऱ्यांपैकी सुमारे 60 टक्के त्याविषयी खोटे बोलली. ज्यांना फसवले गेले होते, त्यांच्यात हेच प्रमाण अनुक्रमे सुमारे 80 आणि 90 टक्के निघाले. त्याहून लहान मुलांत असा फरक दिसला नाही. शाळेत जाऊ लागलेले मूल मात्र आपले खोटे नेमके टिपते.

दुसरा प्रयोग रॉचेस्टर विद्यापीठातला, 2013 साली प्रसिद्ध झालेला. सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या 28 मुलांना चित्रे काढायला बसवले आणि म्हटले, थोडे थांबा, याहून चांगले रंग आणून देतो. निम्म्या मुलांना ते खरोखर आणून दिले. निम्म्यांना सांगितले, माफ करा, रंग नाहीत. नंतर प्रत्येकापुढे एक मिठाई ठेवून सांगितले, थांबलास तर दोन मिळतील. ज्यांना शब्द पाळल्याचा अनुभव होता ती मुले सरासरी 12 मिनिटे थांबली. ज्यांचा विश्वास मोडला होता ती सरासरी 3 मिनिटे. मुलाचा धीर केवळ त्याच्या स्वभावात नसतो. समोरचा माणूस शब्दाचा किती पक्का आहे, यावरही तो ठरतो. “पाच वाजता ये” हे आपले सांगणे मुलाने मानावे असे वाटत असेल, तर पाच वाजता दार उघडले पाहिजे.

हे सारे आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते असे नाही. अश्वत्थाम्याला दूध म्हणून पिठाचे पाणी पाजल्याची कथा आपण लहानपणी ऐकली आहे. आपल्या घरांत सांगतात त्या कथेत ते पाणी आई देते. महाभारताच्या आदिपर्वात मात्र त्याच्या भोवतीची इतर मुले त्याला फसवतात, आणि तो ‘मी दूध प्यालो’ म्हणून नाचतो. ते पाहून द्रोणांचे काळीज तुटले आणि ते आपल्या जुन्या मित्राकडे, द्रुपदाकडे, साहाय्य मागायला गेले. तेथे झालेल्या अपमानातून केवढे वैर उभे राहिले, ते आपण जाणतो. एका पेलाभर पिठाच्या पाण्याने मुलाची वेळ निभावली. वडिलांचे दुःख मात्र निभावले नाही.

वैद्य म्हणून मला दोन प्रकारच्या खोट्यांची विशेष भीती वाटते. त्यांविषयी स्पष्टच लिहितो.

पहिले खोटे, “ही गोड गोळी आहे.” आपण औषध घेत असताना शेजारचे चार वर्षांचे मूल विचारते, “आजोबा, काय खाताय? मलाही हवं.” आपण हसून म्हणतो, “आजोबांचं चॉकलेट आहे ते, तुला नाही मिळणार.” मूल ऐकते ते एवढेच, की त्या डबीत चॉकलेट आहे. मधुमेहावरील ग्लिमेपिराइडसारखी एक गोळीही लहान मुलाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते, आणि तो परिणाम काही तास उशिरानेही दिसू शकतो. रक्तदाबावरील ॲम्लोडिपिनने मुलाचा रक्तदाब खाली जातो. लोहाच्या साखरेचे आवरण असलेल्या तांबड्या गोळ्या तर बाजारातील गोळ्या-चॉकलेटांसारख्याच दिसतात, आणि अधिक संख्येने पोटात गेल्यास जिवावर बेततात. आठवड्याच्या वारांचे कप्पे असलेली डबी आपल्या सोयीची आहे. पण ती मुलालाही तितक्याच सहज उघडता येते. म्हणून घरात स्वतःचे नातवंड नसले, तरी शेजारचे मूल येत असेल तर औषधे उंचावर, बंद कपाटात ठेवावीत. औषधाला औषधच म्हणावे. “हे माझं औषध आहे. तू खाल्लंस तर खूप आजारी पडशील,” एवढे सत्य चार वर्षांच्या मुलाला समजते. चुकून मुलाने गोळी गिळली, किंवा तशी नुसती शंका आली, तरी उलटी करवू नये, लक्षणांची वाट पाहू नये. औषधाची पट्टी बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे किंवा 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

दुसरे खोटे, “जास्त त्रास दिलास तर डॉक्टरांना बोलावीन, ते सुई टोचतील.” या एका वाक्यापायी माझ्या दवाखान्याच्या पायरीवरच रडू लागणारी मुले मी पंचवीसहून अधिक वर्षे पाहतो आहे. पाच वर्षांच्या बूस्टरसाठी आलेले मूल आधीच शिक्षा भोगायला आलेले असते. पोटात दुखले तरी ते सांगत नाही, कारण सांगितले तर डॉक्टर. मोठ्यांनी दुपारच्या विश्रांतीसाठी वापरलेली धमकी पुढे त्या मुलाच्या आजारपणात आडवी येते. “अजिबात दुखणार नाही” हेही टाळावे. “मुंगी चावल्यासारखं क्षणभर दुखेल, मग थांबेल,” हे खरे आहे, आणि खरे निघाल्यावर पुढच्या वेळी मूल आपल्यावर विश्वास ठेवते.

घरात दीर्घ आजारी माणूस असलेल्यांची अडचण आणखी वेगळी असते. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची शुश्रूषा करणारी सून दाराशी आलेल्या मुलांना सांगते, “आजोबा गावाला गेलेत.” आणि आतून आजोबांच्या खोकण्याचा आवाज येतो. मुले घाबरतात. लपवण्यासारखे काहीतरी भयंकर आत आहे, असे त्यांना वाटते. त्याऐवजी सांगावे, “आजोबा खूप आजारी आहेत, त्यांना शांतता लागते. म्हणून आत खेळता येणार नाही.” विस्मरणाचा आजार असेल तर, “त्यांच्या मेंदूला आजार झालाय, म्हणून ते विसरतात, कधी ओरडतात. तुमच्यावर रागावलेले नसतात. हा आजार कोणाला लागत नाही.” मुले ऐकतात, आणि पुष्कळदा दारावरून जाताना आवाज कमी करतात.

येथे एक शंका येईल. विस्मरणाच्या रुग्णाने दिवंगत आईची आठवण काढली, तर ‘ती गेली’ असे वारंवार सुनावू नये, असे आम्हीच सांगतो. ते खरे आहे. ज्याची नवी माहिती साठवण्याची शक्तीच हरपली आहे, त्याला तेच दुःख रोज नव्याने देण्यात अर्थ नसतो; त्याच्या भावनेला उत्तर द्यावे, आईच्या आठवणी विचाराव्यात. मुलाची गोष्ट याच्या उलट आहे. त्याची साठवण नुकती सुरू झाली आहे आणि आपण बोललेले त्यात वर्षानुवर्षे राहणार आहे.

आता व्यवहाराचे बोलू. खोटे न बोलता, न रागावता, दुपारची विश्रांती कशी राखावी?

वेळ ठरवून द्यावी, आणि ती मुलांना घड्याळात दाखवावी. “मी दोन ते चार झोपते. पाच वाजता दार उघडेन.” या वाक्यात तपासून पाहण्यासारखे काही उरत नाही. दारावर पुठ्ठ्याची पाटी लावावी. एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्र. चित्र मुलांनाच काढू द्यावे. स्वतः काढलेल्या पाटीचा मान मुले अधिक ठेवतात.

नकार लहान असावा. “आज चॉकलेट देणार नाही.” का, असे विचारले तर, “रोज खाल्लं तर दात किडतात, रविवारी देईन.” डबा भरलेला असताना तो रिकामा आहे असे सांगण्याची गरज नाही. आपली वस्तू न देण्याचा आपल्याला हक्क आहे आणि तो शांतपणे सांगता येतो. मूल दोन दिवस कुरकुरेल. तिसऱ्या दिवशीही उत्तर तेच आले, की विचारणे कमी होईल. मात्र घरातील सर्वांचे उत्तर एकच हवे. आजीने नाही म्हणायचे आणि आजोबांनी मागच्या दाराने द्यायचे, हे चालणार नाही.

मुलांच्या आईवडिलांशी एकदा मोकळेपणाने बोलावे. तक्रारीच्या सुरात नको. “मुलं येतात ते मला आवडतं, दुपारी तेवढं जमत नाही,” असे म्हटले की कोणी दुखावत नाही.

आणि घंटा वाजली म्हणून झटकन उठू नये. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांचा दाब एकदम उभे राहिल्यास उतरतो, भोवळ येते. त्यात पडून खुब्याचे हाड मोडले, तर सारे घर काही महिने अडकते. आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावे, मग आधार घेऊन उभे राहावे. दाराबाहेरचा माणूस तेवढा थांबतो.

मधुमेहींसाठी वेगळे सांगतो. उपवासाच्या दिवशी गोळी किंवा इन्सुलिन किती घ्यायचे, हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. घाम, थरथर, अंधारी जाणवताच साखर 70 च्या खाली असल्यास, किंवा मोजण्याची सोय नसल्यास तशीच, तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखरेची डबी पलंगाशी हाताच्या अंतरावर ठेवावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही देऊ नये. थेट रुग्णालयात न्यावे.

पूर्वी आपल्या कराडच्या सोमवार पेठेतील, शनिवार पेठेतील वाड्यांत दारावर घंटाच नव्हती. दार दिवसभर उघडे. मुले ओट्यावरून आत येत, परसातून बाहेर पडत. एका आजीला बरे नसले, तर ते सांगावे लागत नसे. दहा डोळ्यांना दिसत असे. आता दार बंद असते. बंद दारापलीकडच्या माणसाविषयी मुलाला कळते ते केवळ आपल्या शब्दांतून. म्हणून हे शब्द पूर्वीपेक्षा अधिक जपायला हवेत. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठाच्या दाराशी दिवसातून चार वेळा येणारे दुसरे कोण असते? मुलगा पुण्यात, लेक मुंबईत. ही मुलेच काय ती जवळ.

बाई घरी आल्यावर त्यांनी मुलांना जमवले आणि सांगितले, “मी तुमच्याशी खोटं बोलत होते. चुकलं माझं. यापुढे झोपायचं असेल तर ‘झोपायचंय’ म्हणेन. ‘बरं नाही’ असं म्हटलं, तर ते खरंच असेल. तेव्हा धावत खाली काकूंकडे जायचं.” मुलांनी मान डोलावली. त्या मुलाने काकूंचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून बाईंच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला.

परवा बाईंना साधा सर्दी-ताप झाला. दुपारी घंटा वाजली तेव्हा त्या आतून म्हणाल्या, “बाळांनो, आज मला बरं नाही.” दोन मिनिटांत काकू दारात हजर. पाठोपाठ माझा फोन वाजला. पलीकडे एक बारीक, धापा टाकणारा आवाज, “डॉक्टरकाका, आजींना बरं नाही. खरंच.”

मी पिशवी उचलली आणि निघालो. ताप शंभरच होता. पॅरासिटामॉलच्या गोळ्या देऊन परतलो. मुले जिन्यात रांगेने बसली होती. त्यांना मी म्हटले, “आजी दोन दिवसांत बऱ्या होतील.” बोलण्यापूर्वी मनाशी एकदा तपासून घेतले, की हे मी खरेच सांगतो आहे ना.

आपणही या पंधरवड्यात एवढे करून पाहा. पुढील अंकी भेटूच.